काटकसर कशात करावी, कशात करू नये

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना आटोपली की बायका लगेच उठत नाहीत. पोरं बाहेर खेळतात, सतरंजीचा एक कोपरा आमच्या ताब्यात असतो आणि तासभर गप्पा चालतात. उन्हाळा लागताना ठरवलं, की या गप्पांचा जरा उपयोग करून घ्यावा. प्रत्येकीने पैसा वाचवणारी आपली एक घरगुती युक्ती आणायची, कृती सांगायची, जमलं तर करून दाखवायची. चार रविवारांत वहीची बरीच पानं भरली. पण वही वाचायला घेतली तेव्हा लक्षात आलं, की काही युक्त्या पैसा वाचवतात आणि तब्येतही राखतात. काही मात्र आज दहा रुपये वाचवतात आणि पुढे दवाखान्यात दहा हजार घालवतात. दोन्ही प्रकार इथे देत आहोत.

एक गोष्ट आधीच सांगतो. गरिबीचं कौतुक करायला हे पान लिहिलेलं नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी केलेली काटकसर हौसेची नव्हती, दुसरा इलाजच नव्हता. त्यांचं हुन्नर घ्यायचं, त्यांची उपासमार घ्यायची नाही, एवढं पथ्य आम्ही वहीतल्या नोंदी निवडताना पाळलं.

पहिलं भांडण पाण्यावरून झालं. सोलापुरात नळाला रोज पाणी येतं असं कुणी म्हटलं तर बाहेरगावचा पाहुणा म्हणून सोडून द्यावं. चार-चार दिवसांचं पाणी साठवायचं म्हणजे बॅरल, पिंप, हंडे, घागरी, जे हाताशी असेल ते भरून ठेवायचं. थेंब वाया घालवणं हे आमच्याकडे पाप समजलं जातं. गेल्या पावसाळ्यात आमच्यापैकी एकीच्या सात वर्षांच्या मुलाला डेंग्यू झाला. चार दिवस दवाखान्यात काढले आणि भिशीचे जमवलेले सगळे पैसे गेले. घरी तपासणीला आलेल्या कर्मचारी ताईंनी बॅटरी मारून दाखवलं, तर मोरीतल्या बॅरलमध्ये अळ्या वळवळत होत्या. त्या म्हणाल्या, बॅरल ओता. घरातल्या आजी भडकल्या : "चार दिसानं पाणी येतंय, आन् हे सांडून द्या म्हणलालेत!"

आजींचंही खरं होतं आणि ताईंचंही. डेंग्यूचा डास घाण पाण्यात अंडी घालत नाही, आपल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणजे आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून घासलं तर अळीचा डास होऊच शकत नाही. पण रिकामं करायचं म्हणजे पाणी फेकायचं असं थोडंच आहे? आम्ही काढलेली वाट अशी. नळ येण्याच्या दिवशी, पाणी सुटायच्या आधी, बॅरलच्या तळाला उरलेलं पाणी जुन्या सुती लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून बादलीत गाळून घ्यायचं. अळ्या फडक्यात राहतात. फडकं तापलेल्या फरशीवर उन्हात झटकलं की त्या मरतात. गटारात झटकू नये, तिथे त्या जगू शकतात. गाळलेलं पाणी धुण्याला किंवा संडासाला वापरायचं.

त्यानंतरचं काम बहुतेक जणी विसरतात. बॅरलच्या आतल्या कडा काथ्याने खसाखसा घासायच्या. डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून बॅरल पुन्हा भरलं तर तीच अंडी पुन्हा फुटतात. घासून, विसळून, भरून झालं की तोंडावर सुती कापड दुहेरी करून बांधायचं. दोरी सैल पडते. त्यापेक्षा सायकलची फुटकी ट्यूब आडवी कापून तिच्या पट्ट्या गाठीने जोडल्या तर घट्ट रबर तयार होतं. सायकलच्या दुकानात फुटकी ट्यूब फुकट मिळते. कापड मात्र ताणून बांधावं. ते झोळीसारखं लोंबून पाण्याला टेकलं तर उपयोग नाही. सध्या आमच्या गल्लीत अकरा घरांच्या बॅरलला अशी टोपडी आहेत. आजींच्या बॅरलचं टोपडं सगळ्यात घट्ट आहे.

लुगड्याच्या फडक्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. बांगलादेशातल्या मतलब भागात रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांना जुन्या सुती साडीची घडी करून त्यातून पाणी गाळायला शिकवलं. २००३ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने कमी झाले होते. नव्या साडीपेक्षा जुनी, अनेकदा धुतलेली साडी जास्त चांगली गाळते, कारण तिचे धागे फुगून मधली भोकं बारीक होतात. घडी चार पदरांची तरी हवी. मात्र निम्म्याने कमी म्हणजे निम्मे राहिलेच. त्यामुळे प्यायचं पाणी गाळल्यावर उकळावं, नाहीतर क्लोरीनच्या द्रावणाचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास झाकून ठेवावं. गॅस महाग झालाय हे आम्हालाही कळतं. तरी लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर इथे हात आखडता घेऊ नये.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या घरात दुपारी थांबवत नाही. पोरं दहा रुपयांच्या रंगीत थंड बाटलीसाठी हट्ट धरतात. त्या बाटलीत साखर आणि रंग यांखेरीज फारसं काही नसतं. त्याला आमच्या वहीतलं उत्तर म्हणजे ज्वारीची आंबील. सोलापूर जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याची मालदांडी तर सगळ्यांना माहीत आहे. देशभर पेरला जाणारा 'एम ३५-१' हा वाण मालदांडीतूनच मोहोळला १९३० च्या दशकात निवडला गेला.  तर अशी ही घरची ज्वारी. रात्री चार चमचे पीठ वाटीभर पाण्यात दोन चमचे ताक घालून कालवावं आणि झाकून ठेवावं. सकाळी चार कप पाण्याला उकळी आणून त्यात ते पीठ बारीक धारेनं सोडावं. हात थांबवू नये, नाहीतर गुठळ्या होतात. सात-आठ मिनिटं शिजलं की उतरवून पूर्ण गार करावं. मग ताक, ठेचलेला लसूण, भाजून भरडलेलं जिरं आणि मीठ घालावं. मठात ठेवलेल्या गार पाण्यासोबत सकाळी एक पेला घेऊन बाहेर पडलं की दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ बेताचं घालावं. उरलेली आंबील दुसऱ्या दिवशी पिऊ नये. इथे काटकसर नको.

जुलाबासाठी घरी करायच्या साखर-मिठाच्या पाण्यावरून तर चांगलाच गोंधळ निघाला. सहा जणींनी सहा मापं सांगितली. मूठभर साखर, चिमूटभर मीठ. पण चिमूट कुणाची? आजीची चिमूट आणि बारा वर्षांच्या नातीची चिमूट सारखी नसते. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला ते पाणी अपाय करतं. म्हणून माप चमच्यानेच घ्यायचं : एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, साखर सहा सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने वरचं काढून टाकलेलं. चव पाहावी; अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून पुन्हा करावं. चोवीस तासांनंतर उरलेलं टाकून द्यावं. खरं तर ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात, आशा ताईंकडे फुकट मिळतात. पाकीट हातात असेल तर तेच वापरावं, घरचं पाणी मध्यरात्रीच्या अडचणीसाठी. जुलाब थांबले तरी झिंकच्या गोळ्या चौदा दिवस पूर्ण द्यायच्या असतात. मुलाचे डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, शौचातून रक्त गेलं किंवा मूल सुस्त पडून पाणीही घेईना, तर कुठलीही घरगुती युक्ती न करता तडक सिव्हिलला न्यावं. उन्हाने अंग भाजत असेल आणि माणूस बरळत असेल तर तोंडात पाणी ओतू नये. अंगावर पाणी मारावं, वारा घालावा, १०८ ला फोन करावा.

शेंगाची चटणी आणि कडक भाकरी यांची कृती सोलापूरच्या वाचकांना सांगणं म्हणजे हसं करून घेणं. तरी एक सूचना. स्वस्त पडतात म्हणून काळपट, सुरकुतलेले, कडवट लागणारे शेंगदाणे घेऊन भाजून, तिखटात लपवून चटणी केली जाते. बुरशी लागलेल्या दाण्यातलं विष भाजून जात नाही आणि ते यकृताला घातक असतं. दाणे निवडून वाईट ते फेकावेत. चांगल्या दाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. मटण-अंडी रोज परवडत नाहीत त्या घरात हीच चटणी आणि हुलग्याचं माडगं ही खरी ताकद. दाण्याचे दोन रुपये जास्त गेले तर जाऊ द्यावेत.

आता कापडाचं. चादरी आणि टॉवेलच्या या गावात चिंधीला कधी तोटा नव्हता. टॉवेलच्या कारखान्यांतला खराब निघालेला माल, गणवेश शिवणाऱ्यांकडचे कटिंगचे तुकडे वजनावर मिळतात. साडी जुनी झाली की तिची वाकळ, वाकळ विरली की तिच्या पायपुसण्या, पायपुसणी फाटली की पोतेरं, हा क्रम आपल्या घरात कुणी शिकवावा लागत नाही. विनयपिटकात याच्याशी जुळणारा एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरं दान दिली. एवढ्या वस्त्रांचं भिक्खू काय करणार, असं राजाने विचारलं. आनंदांनी सांगितलं, की ज्यांची चीवरं विरली त्यांना ही देऊ. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचं? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवरची बैठक, मग पायपुसणी, मग झाडण. आणि झाडणही फाटली की तिचे तुकडे चिखलात कालवून जमीन सारवू. राजाचं समाधान झालं आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली म्हणे. आमच्यातल्या एकीने हे ऐकून विचारलं, "मग आपण काय वेगळं करतोय?"

स्वच्छता मात्र वेगळी शिकावी लागली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी महिलांपुढे जे भाषण केलं त्यात त्यांनी हेच बजावलं होतं, की लुगड्याला ठिगळं असली तरी हरकत नाही, पण ते स्वच्छ असलं पाहिजे. वाकळीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की जाड वाकळ वर्षभर धुतली जात नाही आणि खरूज घरभर फिरते. म्हणून आम्ही वाकळीला जुन्या साडीची खोळ शिवायला सांगतो. खोळ आठवड्याला काढून धुता येते, वाकळ उन्हात टाकली की झालं. घरात एकाला खरूज झाली तर सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं आणि कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचं. एकेकाने वेगवेगळ्या दिवशी लावलं तर औषधाचे पैसे पाण्यात.

पाळीच्या घड्या शिवायचा रविवार सुरुवातीला अवघड गेला. सतरंजी बाहेरच्या खोलीत नेली, दार ओढून घेतलं, मग बायका बोलायला लागल्या. दुकानातले पॅड घरात दोन मुली आणि आई असतील तर महिन्याच्या खर्चात टोचतात. म्हणून एकच पॅड दिवसभर ठेवणं ही काटकसर सर्रास चालते आणि तीच घातक. आमची घडी अशी : वर-खाली साध्या मऊ सुती कापडाचा एकेक थर, मध्ये टेरी टॉवेलचे तीन थर. लांबी वीतभराहून थोडी जास्त, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर, रुंदी मधल्या भागात सात-आठ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना पंख ठेवून त्यांना टिच बटण लावायचं. नवा टॉवेल पाणी नीट शोषत नाही, त्यामुळे शिवण्याआधी तो दोनदा गरम पाण्यात धुऊन घ्यावा. टेरिकॉट, नायलॉन वापरू नये. घडी चार ते सहा तासांनी बदलावी. धुताना आधी गार पाणी, मग साबण. गरम पाण्याने डाग पक्का होतो. आणि वाळवायची उघड्या उन्हात. दुसऱ्या कपड्याखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात दमट राहिलेली घडी पुन्हा वापरली की खाज आणि पांढरं जाणं सुरू होतं. "दोरीवर कशी टाकायची, समोर दीर बसतात," एक जण म्हणाली. यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एका म्हाताऱ्या उपासिकेने सांगितलं, की टॉवेलचे तुकडे रंगीत घ्या आणि रुमालांच्या रांगेत टाका, कुणाला कळतंय. युक्ती चांगली आहे. पण दिरांनी नजर वळवायला शिकावं, असंही आमच्यातल्या काहींचं मत पडलं आणि ते वहीत लिहून ठेवलं आहे.

चौथ्या रविवारी एका मावशीने मोठ्या कौतुकाने मिसरीचा डबा आणला. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, गाळायची. पेस्टपेक्षा स्वस्त, दातदुखी थांबते, शौचाला साफ होतं. तिथे बसलेल्यांपैकी निम्म्याजणींच्या घरी असा डबा आहे, हे सांगायला लाज वाटते. ही युक्ती आम्ही वहीत घेतली नाही. मिसरी म्हणजे तंबाखूच. दुखणं थांबल्यासारखं वाटतं, पण कीड आत चालूच राहते. तोंडात पांढरा चट्टा येतो, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढचा आजार आपण आपल्याच नात्यांत पाहिलेला आहे. गरोदर बाईने मिसरी लावली तर मूल कमी वजनाचं जन्मतं. दातांना पर्याय महाग नाही. ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत दाखवतात तशी लांब वळी लागत नाही. वाटाण्याच्या हिशेबाने एक छोटी ट्यूब बरेच दिवस जाते. सवय सुटत नसेल तर सरकारची १८००-११-२३५६ ही बिनपैशाची लाइन आहे, तिथे बोलून मदत मिळते. मावशी रागावल्या. पुढच्या रविवारी आल्या, डबा आणला नव्हता. सोडली का ते आम्ही विचारलं नाही.

विड्या वळणाऱ्या भगिनींसाठी याच ओघात दोन शब्द. सोलापुरात हजारो घरांचा संसार सुपातल्या तंबाखूवर चालतो. ते काम सोडा असं सांगणं सोपं आणि फुकटचं आहे. पण वळण्यासाठी एक जुनी साडी किंवा मोठं फडकं वेगळं ठेवावं, काम संपलं की ते बाजूला काढून हात साबणाने धुवावेत आणि मगच पिठाला हात लावावा. सांडलेली धूळ झाडूने उडवू नये, ओल्या पोतेऱ्याने पुसावी. रांगतं मूल सुपापासून लांब ठेवावं. तंबाखूची चिमूट बाळाच्या तोंडात गेली तर ती विषच.

राहता राहिली ताटाची गोष्ट. एक आठवडा आम्ही एक खेळ केला. प्रत्येकीने आपण रात्री काय खाल्लं ते खरं खरं लिहून आणायचं. बहुतेकींच्या कागदावर भाकरी, ठेचा, चहा. डाळ होती, पण ती नवऱ्याला आणि पोरांना. पातेल्यात उरलं तर आपल्याला. याला घरोघर काटकसर म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी शेकडा ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. जिना चढताना धाप, पायात गोळे, केस गळणं, सतत झोप. हे सगळं आपण वयावर किंवा कामावर ढकलतो.

इथे स्वस्तात होण्यासारखं पुष्कळ आहे. आंबट आमटी लोखंडी कढईत करावी. चिंचेमुळे कढईतलं लोह आमटीत उतरतं. मात्र झाली की दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर काळी पडते. शेवग्याचं झाड ज्याच्या दारात आहे त्याने पाला मागेल त्याला द्यावा. त्याची मुगाच्या डाळीतली भाजी उत्तम होते. घोळ, तांदुळजा, अंबाडी बाजार उठताना स्वस्तात मिळतात. जेवताना लिंबाची फोड घ्यावी. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तासभर थांबावं, चहामुळे लोह अंगी लागत नाही. गूळ खाल्ला की रक्त वाढतं हा समज मात्र फार ताणू नये, त्यात लोह थोडंच असतं. आणि ताट वाढताना डाळीचं पातेलं सगळ्यांमध्ये सारखं फिरावं, बाईच्या वाटणीसकट. शेवटचं हे घरातल्या पुरुष वाचकांसाठीही आहे.

रक्त फारच कमी असेल तर नुसत्या भाजीने भरून निघत नाही, लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्या अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात फुकट मिळतात; किशोरींना निळी, गरोदर बायकांना लाल. अनेक जणी चार दिवस घेऊन सोडतात, कारण मळमळतं आणि शौचाला काळं होतं. काळं होणं गोळीमुळेच असतं, त्याला घाबरू नये. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत घ्यावी, चहा-दुधासोबत घेऊ नये. आमच्यातल्या एकीने दोनदा गोळ्या अर्ध्यात सोडल्या होत्या. आता तिने पट्टी पिठाच्या डब्याला आतून चिकटपट्टीने लावली आहे. रात्री भाकरीला पीठ काढताना ती दिसतेच.